पाळकपणात आशेकडून शिकलो ते

नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांमध्ये पाळक म्हणून माझं आयुष्य गेलं. विश्वास, आशा आणि प्रीती ही तिन्ही संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना एकत्र सांगितली. प्रीतीवर आपल्याकडे भरपूर उपदेश होतात, विश्वासावर त्याहून जास्त. आशेची पाळी बहुधा अंत्यविधीच्या वेळी येते. सेवेत मला जिने उभं ठेवलं ती मात्र आशाच.

१. फळ दिसलं तरच काम करीन, असा सौदा देवाशी होत नाही.

मिशनरी विल्यम कॅरी १७९३ साली बंगालमध्ये उतरले. पहिलं फळ, म्हणजे कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा, दिसलं ते १८०० च्या डिसेंबरात. मधल्या सात वर्षांत कॅरींचा लहानगा पीटर गेला, पत्नीचं मानसिक स्वास्थ्य ढासळलं, पण त्यांचं बायबलाचं भाषांतर थांबलं नाही. पुढे १८१२ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या त्यांच्या छापखान्याला आग लागली, हस्तलिखितं जळाली, तेव्हाही ते पुन्हा कामाला बसले. नव्या पाळकाने पहिल्या वर्षीच हजेरी मोजायला घेतली की मी त्याला कॅरींची ही सात वर्षं सांगतो.

२. आजाऱ्याला खोटी ग्वाही देऊ नये.

दवाखान्यात खाटेजवळ उभं राहिलं की नातलग आशेने तोंडाकडे पाहतात. ‘नक्की बरे होतील’ असं म्हणणं तेव्हा सोपं असतं. पण देवाने जे वचन दिलेलं नाही ते त्याच्या नावाने देण्याचा अधिकार पाळकाला नाही. ख्रिस्ती आशा पुनरुत्थानावर उभी आहे, आणि पुनरुत्थानाआधी वधस्तंभ आहे. उत्तम शुक्रवार ओलांडून ईस्टरला जाता येत नाही. म्हणून मी स्तोत्रसंहिता उघडतो, त्यातही विलापाची स्तोत्रं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरीही ते देवाला उद्देशूनच म्हटलेलं आहे. वेदनेत असलेल्या माणसाला हे ऐकून हायसं वाटतं, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. त्याला रडायला परवानगी हवी असते.

३. आशा काय असते ते पाहायचं तर केडगावला जावं.

पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायकांना आणलं आणि दौंडजवळच्या त्या माळरानावर मुक्ती ही त्यांची संस्था उभी राहिली. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्ख्या बायबलाचं मराठी भाषांतर हाती घेतलं. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशी भाषा हवी, हा त्यांचा ध्यास होता. कानांनी साथ सोडली होती. आपल्यामागे हे सारं मनोरमा पाहील, असा भरवसा होता. १९२१ च्या जुलैत ती एकुलती लेकही गेली. तरी भाषांतराचं काम बाईंनी पुरं केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि मुक्तीतल्या बायकांनी छापलेलं ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. ते त्यांनी हातात धरलं नाही.

आपण त्यांच्या धैर्याविषयी बोलतो. मला वाटतं, नुसत्या धैर्यावर माणूस दुःख सोसू शकेल; पण लेक गेल्यावर पुढच्या पानाचं भाषांतर का करायचं, याचं उत्तर धैर्यापाशी नाही. आपलं मूल आणि आपलं काम दोन्ही प्रभूच्या हाती सुरक्षित आहेत, असं ज्याला मनापासून वाटतं तोच ते पान उघडतो.

४. एकाची आशा खचली तर दुसऱ्याने त्याच्या वतीने धरावी.

आमच्याकडे दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, तेव्हा जाणं भागच. नाताळला देवळात म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं एवढीच उरतात. म्हणून नाताळची दुसरी उपासना आम्ही फडावर, कोप्यांपुढे घेतो. एका वर्षी तिथे एक तरुण विधुर आला. म्हणाला, “पाळकसाहेब, मला प्रार्थना होत नाही.” शेजारची आजी म्हणाली, “नको करू. आम्ही करतो, तू नुसता बस.” तो बसला. पुढच्या रविवारी पुन्हा बसला. मंडळी कशासाठी असते हे मला ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा त्या आजीने स्पष्ट सांगितलं.

५. बाप्तिस्म्याची नोंदवही नीट लिहावी.

बारीकसं काम आहे, पण मी ते कोणावर सोपवलं नाही. जिथे दोन-चारच कुटुंबं उरली आहेत, तिथेही शंभर पानांची वही घ्यावी. शाईचं पेन, सुवाच्य अक्षर, आईचं नाव बापाच्या बरोबरीने. पुढच्या पाळकाला आणि त्या मुलांच्या मुलांना ती लागणार आहे.