कीबोर्ड बिघडला तर

काय करावे

- आधी हातातले काम सेव्ह करा. कंट्रोल आणि एस चालत नसतील तर माऊसने फाइल मेनूतून करा.
- कॉम्प्युटर एकदा रिस्टार्ट करा.
- यूएसबीची वायर काढून थेट कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात लावा, मध्ये हब नको.
- गोल पिनेचा जुना कीबोर्ड असेल तर कॉम्प्युटर बंद करूनच वायर लावा, तीही जांभळ्या सॉकेटात, हिरवे माऊसचे.
- तोच कीबोर्ड शेजारच्या कॉम्प्युटरला लावून पाहा. तिथे नीट चालला तर नवा घेऊन काहीच सुटणार नाही.
- पडद्यावरचा कीबोर्ड उघडा. एखादे बटण न दाबता उजळलेले दिसले तर तेच अडकले आहे.
- विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटअपमध्ये बाणांची बटणे दाबून पाहा. तिथे चालली तर दोष बहुधा विंडोजच्या बाजूचा.
- लॅपटॉपवर यू, आय, ओ दाबल्यावर आकडे उमटले तर नम लॉक बंद करा.
- बिलिंगच्या मशीनवर उजवीकडचे आकडे गेले तर नम लॉक सुरू करा. तरी चालले नाहीत तर वरच्या ओळीतल्या आकड्यांवर बिल करा, गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवू नका.
- ईमेल पत्त्यातल्या ॲटऐवजी अवतरणचिन्ह आले तर भाषेच्या सेटिंगमधले ब्रिटिश इंग्रजी बदला. कीबोर्ड ठीक आहे.
- बटण बराच वेळ दाबून धरल्यावरच अक्षर येत असेल तर फिल्टर कीज बंद करा. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबली गेली की त्याची चौकट येते आणि घाईत तिला हो म्हटले जाते.
- मराठीच्या जागी अचानक इंग्रजी उमटू लागले तर विंडोजचे बटण धरून स्पेसबार दाबा.
- इनस्क्रिप्टवर लिहिणाऱ्यांनी डी सर्वात आधी तपासा. हलन्त तिथे आहे, ते गेले की जोडाक्षरे जुळत नाहीत.
- ल उमटतो पण ळ उमटत नाही, तेव्हा एनला दोष देऊ नका, शिफ्ट तपासा. डावी आणि उजवी वेगवेगळी दाबून पाहा. बहुतेकदा एकच गेलेली असते आणि दुसरीवर काम चालते.
- राज्य परीक्षा परिषदेच्या टायपिंग परीक्षेला बसलात तर वेळ सुरू होण्याआधीच बिघाड पर्यवेक्षकांना सांगा. ३० किंवा ४० शब्दांच्या वेगात अडलेले बटण भरून काढता येत नाही.
- कोणकोणती बटणे चालत नाहीत ते कागदावर लिहा. एकच असेल तर बहुधा खाली कचरा आहे. तीन-चार एकदम गेली असतील तर बहुधा आतल्या प्लास्टिकच्या पडद्यावरची रेघ तुटली आहे आणि सफाईने उपयोग नाही.
- कीबोर्ड उलटा धरून हलकेच झटका. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला भुसा आणि जीन्सच्या कारखान्यांतले सुताचे तंतू बटणांखाली घट्ट बसतात, तिथे हे दर आठवड्याला करा.
- चिकट बटणाभोवती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेला कॉटन बड फिरवा, वायर काढून ठेवल्यावरच.
- लॅपटॉपवर चहा सांडला तर त्याच क्षणी बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा आणि तंबूसारखा उलटा ठेवा. फाइल गेली तर जाऊ द्या, मदरबोर्ड वाचवा.
- वायरलेस कीबोर्डचे सेल आधी बदला, मग रिसीव्हर पुढच्या पोर्टात लावा. लोखंडी कॅबिनेटमागे सिग्नल अडतो.
- लॅपटॉपची बटणे किंवा टचपॅड मधूनच वर उचलले गेले असेल तर चार्जिंग तत्काळ थांबवा. खाली बॅटरी फुगलेली असू शकते.
- उल्हास नदीकाठी तळमजल्यावर राहत असाल तर पावसाळ्यात सगळा संच उंचावर ठेवा. जुलै २००५ आणि जुलै २०१९चे पूर बदलापूरकरांना वेगळे सांगायला नकोत.
- बटण बदलून देतो म्हणणाऱ्याला आधी विचारा, बटण बदलणार की वरचा अख्खा पत्रा. दरात मोठा फरक पडतो.
- नवा घेताना दुकानातच लावून प्रत्येक बटण दाबा आणि मॉडेल लिहिलेले पक्के बिल घ्या.

काय टाळावे

- पासवर्ड चुकतोय म्हणून तोच पुन्हा पुन्हा टाकू नका. खाते बंद पडेल. आधी कॅप्स लॉक पाहा.
- स्पेसबार, एंटर आणि शिफ्ट स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. खाली लोखंडी तार असते, ती वाकली की बटण तिरके बसते.
- पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा मारू नका. त्यात पाणी असते.
- भिजलेल्या कीबोर्डवर हेअर ड्रायर धरू नका, तांदळात पुरू नका. प्लास्टिक वाकते आणि पीठ आत जाते.
- वाळला असे वाटताच लॅपटॉप सुरू करू नका, किमान दोन दिवस थांबा. आपल्याकडच्या जुलैतल्या दमट हवेत तर आणखी.
- पुराच्या पाण्यात बुडालेला कीबोर्ड पुन्हा लावू नका. गाळ पुरता निघत नाही.
- टेबलावर वडापाव, खारी ठेवू नका. पावसाळ्यात तुकड्यांमागे मुंग्या बटणांखाली घर करतात.
- ड्रायव्हर दुरुस्त करून देणारे फुकटचे सॉफ्टवेअर उतरवू नका. साध्या कीबोर्डला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो.
- स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बँकेचा पासवर्ड टाकू नका; कीबोर्डच्या वायरीत आणि पोर्टात मध्येच एखादी छोटी डबी दिसली तर तिथून उठा.
- दुरुस्तीवाल्याला ईमेल किंवा बँकेचे पासवर्ड देऊ नका; बटणे बदलायला ते लागत नाहीत.
- बदलापूर लोकलच्या रॅकवर लॅपटॉप आडवा ठेवू नका, वर दुसऱ्यांच्या पिशव्या येतात. बॅग पुढे, छातीशी घ्या.
- लॅपटॉप मिटताना आत पेन, पेनड्राइव्ह किंवा पास राहू देऊ नका.
- लॅपटॉपचे बटण अडकून सतत टाइप होत असेल तर बाहेरचा कीबोर्ड लावून वेळ मारून नेऊ नका; अडकलेले बटण मोकळे केल्याशिवाय किंवा आतल्या कीबोर्डची पट्टी काढल्याशिवाय ते टाइप होणे बहुधा थांबत नाही.
- वायरवाल्या साध्या कीबोर्डसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठू नका. दिवस मोडतो आणि तोच माल उल्हासनगर, अंबरनाथमध्ये मिळतो.
- जुना कीबोर्ड घंटागाडीत टाकू नका, वायरीतल्या तांब्यासाठी जाळायला तर मुळीच देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे तो नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांपर्यंत पोहोचवा.