पायाची दिशा आणि अतिसंवाहक पापुद्रा

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या वडनेरच्या शिवारांत पावसाळ्यांत चालणारी डवरणी तुम्हीं सर्वांनीं पाहिली असेल. तासांच्या दिशेनें बैलजोडी धरली म्हणजे डवरा सरळ चालतो. पण तीच जोडी तासांना आडवी घातली तर पावलोपावलीं कपाशी मोडते. शेत तेंच, माती तीच, बैलहि तेच. फरक केवळ दिशेचा! पदार्थविज्ञानांतहि दिशेचा असाच महिमा दाखविणारा एक विषय आहे. त्याची थोडक्यांत ओळख करून देण्याचा या लेखाचा हेतु आहे.

इ. स. १९११ मध्यें हॉलंडांतील लायडन येथें कॅमरलिंग ओनेस यांस असें आढळलें कीं, पारा ४.२ केल्विन, म्हणजे शून्याखालीं सुमारें २६९ अंश सेंटिग्रेड, इतका थंड केला असतां त्याचा विद्युत्-रोध एकाएकीं नाहींसा होतो. या गुणास अतिसंवाहकता म्हणतात. पुढें १९८६ सालीं बेडनॉर्झ व म्यूलर यांनीं तांब्याच्या एका मिश्र ऑक्साइडांत हाच गुण पुष्कळ वरच्या तपमानास दाखविला, आणि १९८७ मध्यें यिट्रियम, बेरियम व तांबें यांचें ऑक्साइड सुमारें ९२ केल्विनलाच अतिसंवाहक होतें असें दिसून आलें. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो. अर्थात् त्या स्वस्त द्रवानेंच हें काम साधूं लागलें.

या ऑक्साइडाची रचना मजल्यांच्या घरासारखी आहे. तांबें व प्राणवायु यांचे सपाट थर एकावर एक रचलेले असतात. थरांतून विद्युत्प्रवाह सहज धांवतो. थर ओलांडून जातांना मात्र तो अडखळतो. म्हणून यंत्रांसाठीं याचा पातळ पापुद्रा बनवावयाचा तर हे थर कोणत्या दिशेनें बसतात, यावरच सारें अवलंबून असतें.

पापुद्रा करण्याची एक रीत अशी : निर्वात केलेल्या पात्रांत थोडा प्राणवायु सोडून ऑक्साइडाच्या वडीवर लेसरचे झोत मारतात. त्यानें उडालेली वाफ समोरच्या तापविलेल्या स्फटिकावर बसते. टी. व्यंकटेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ही रीत १९८७ सालीं या ऑक्साइडासाठीं अमेरिकेंत यशस्वी केली. खालचा स्फटिक हा पापुद्र्याचा पाया होय. त्यांतील अणूंची रांग पाहूनच वरचे अणु आपली जागा घेतात.

यासाठीं मापें जुळावीं लागतात. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटिवा भाग. आपल्या ऑक्साइडाच्या पेशीच्या आडव्या बाजू ३.८२ व ३.८९ अँगस्ट्रॉम आहेत, तर स्ट्राँशियम टायटॅनेटच्या घनाकृति पेशीची बाजू ३.९०५ आहे. हा मेळ उत्तम होय. मॅग्नेशियम ऑक्साइडची बाजू ४.२१ असल्यानें तेथें जुळणी अवघड जाते.

परंतु माप जुळलें तरी दिशेचा प्रश्न उरतोच. साबणाची घनाकृति वडी घ्या. ती पृष्ठाला समांतर कापली तर एक प्रकारचा तळ मिळतो. समोरासमोरच्या दोन कडांमधून तिरपी कापली तर दुसऱ्या प्रकारचा. स्फटिकाचेंहि तसेंच आहे. पहिल्या तळावर योग्य उष्णता राखली असतां थर चटईसारखे आडवे पसरतात. दुसऱ्या तळावर ते उभे किंवा तिरपे राहतात. मग एका दिशेनें प्रवाह सुखानें वाहतो, पण तिच्याशीं काटकोन करणाऱ्या दिशेनें त्यास थर ओलांडावे लागतात. आणखी एक मौज अशी कीं, या पेशीची उंची ११.६८ अँगस्ट्रॉम, म्हणजे बाजूच्या जवळजवळ तिप्पट आहे. त्यामुळें उष्णता कमी पडली तर पहिल्या तळावरहि कांहीं कण आडवे पडतात, व त्यांतील थर उभे होतात!

शेजारच्या दोन कणांची दिशा निराळी असली तर त्यांच्या सीमेवर, दोन शेतांच्या धुऱ्यावर डवरा अडावा तसा, प्रवाह अडतो. जोडस्फटिकाच्या पायावर पापुद्रा वाढवून डिमॉस, चौधरी आदि संशोधकांनीं १९८८ मध्यें हें मोजून दाखविलें. दोन कणांमधील कोन वाढत गेला कीं प्रवाह वाहून नेण्याची शक्ति झपाट्यानें घटते.

आपल्या मुंबईंतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतहि अशा पापुद्र्यांचा अभ्यास झालेला आहे. तेथें मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पृष्ठसमांतर कापलेल्या स्फटिकावर नायोबियम नायट्राइडचे पापुद्रे वाढविण्यांत आले. या नायट्राइडाची बाजू ४.३९ अँगस्ट्रॉम असून दोघांची रचना मिठाच्या स्फटिकासारखीच असते. म्हणून पहिल्या ऑक्साइडास न मानवणारा पाया यास चालतो. असे उत्तम पापुद्रे सुमारें १६ केल्विनला अतिसंवाहक होतात.

यावरून दिसेल कीं, अमुक एक पाया सर्वांस चांगला, असें नाहीं. ज्याचें त्याचें माप व ज्याचें त्याचें काम पाहून तो निवडावा लागतो. खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या मनुष्याचा दृष्टांत आपण शाळेंत ऐकतों. विज्ञान त्यास एवढीच पुस्ती जोडतें कीं, पाया नुसता भक्कम असून भागत नाहीं. त्याची दिशाहि नीट असावी लागते. कारण वर रचले जाणारे असंख्य लहान कण त्याच्याकडे पाहूनच आपापली जागा घेत असतात. पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं याचा आपापल्या परीनें विचार करावा.