कामापुरतं इंग्रजी : ‘हळू’, ‘अजून’, ‘कधीच’ कुठे बसवायचं?



आपल्या करंजाड्यात आता चारी बाजूंनी माणसं राहायला आली आहेत. सिडकोच्या सेक्टरांमध्ये उंच सोसायट्या झाल्या. विमानतळासाठी गाव सोडावं लागलेली कुटुंबं करंजाडे-वडघर भागात आली. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानंही उडू लागली. आपला मसाला, पापड, तांदळाची भाकरी घेणारं गिऱ्हाईक आता मराठीच बोलेल असं नाही. कुणी हिंदी बोलतं, कुणी इंग्रजी.

एका सोसायटीच्या गेटजवळ स्टॉल लावला होता तेव्हाची गोष्ट. आमच्या गटातल्या एका ताईंनी मोठ्या हिमतीनं गिऱ्हाइकाला सांगितलं, ‘वुई हार्डली वर्क.’ त्यांना म्हणायचं होतं, आम्ही खूप कष्ट करतो. गिऱ्हाईक हसलं. ताईंना वाटलं, आपल्या गावठी बोलण्याला हसले. त्यानंतर स्टॉलवर त्या गप्पच राहू लागल्या. कुणी इंग्रजीत विचारलं की लेकीला पुढे करायच्या.

चूक होती एका शब्दाच्या शेपटीची. ती नीट समजून घेऊ. आजचा पाठ त्यासाठीच.

क्रियाविशेषण म्हणजे काय?

शाळेत शिकलो होतो, आठवतं का? क्रियापदाबद्दल जास्त माहिती देणारा शब्द म्हणजे क्रियाविशेषण. ‘हळू बोला’ यात बोलण्याची क्रिया कशी करायची ते ‘हळू’ सांगतो. मराठीत असा शब्द बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधी येतो. इंग्रजीत मात्र प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली आहे.

१. ‘कसं’ सांगणारे शब्द शेवटी

‘प्लीज स्पीक स्लोली.’ म्हणजे, जरा हळू बोला. हे वाक्य आधी पाठ करा. समोरचा भराभर बोलला की घाबरायचं नाही, हेच म्हणायचं.

‘वुई पॅक द पापड नीटली.’ म्हणजे, आम्ही पापड नीट पॅक करतो. बघा, आपला ‘नीट’ तिथंही जवळजवळ तसाच सापडला! काय पॅक करतो ते आधी, कसं करतो ते नंतर. ‘वुई पॅक नीटली द पापड’ असं मध्ये घुसवायचं नाही.

तसंच ‘आय व्हेरी लाइक’ नाही, ‘आय लाइक इट व्हेरी मच.’

२. शेपटीचा घोळ

‘स्लो’ला ‘ली’ लावलं की ‘स्लोली’. म्हणून आपल्याला वाटतं, सगळ्यांनाच लावावं. पण काही शब्दांना ‘ली’ लावलं की अर्थच फिरतो.

‘वुई वर्क हार्ड.’ म्हणजे, आम्ही खूप मेहनत करतो.
‘वुई हार्डली वर्क.’ म्हणजे, आम्ही जेमतेमच काम करतो!

‘आय केम लेट.’ म्हणजे, मी उशिरा आले. ‘लेटली’ म्हणजे मात्र अलीकडे, हल्ली. आणि ‘फास्ट’ला शेपटी लागतच नाही. ‘शी वर्क्स फास्ट’ एवढंच म्हणायचं.

३. ‘किती वेळा’ सांगणारे शब्द मध्ये

नेहमी म्हणजे ‘ऑलवेज’, कधीकधी म्हणजे ‘समटाइम्स’, कधीच नाही म्हणजे ‘नेव्हर’. हे शब्द कामाच्या क्रियापदाआधी बसवा.

‘वुई ऑलवेज यूज फ्रेश ऑइल.’ म्हणजे, आम्ही नेहमी ताजं तेल वापरतो.

वाक्यात ‘ॲम, इज, आर’ असेल तर त्याच्यानंतर: ‘द मसाला इज ऑलवेज फ्रेश.’
‘विल’ असेल तरी त्याच्यानंतर: ‘वुई विल नेव्हर सेल ओल्ड स्टॉक.’

इथे एक गंमत आहे. मराठीत आपण ‘कधीच’ म्हणतो आणि शेवटी ‘नाही’ही लावतो. इंग्रजीतल्या ‘नेव्हर’च्या पोटात ‘नाही’ आधीच आहे. म्हणून ‘वुई डोन्ट नेव्हर’ म्हणायचं नाही. नुसतं ‘वुई नेव्हर’ पुरे.

४. आपला एक ‘अजून’, त्यांचे तीन शब्द

पैशाच्या व्यवहारात हे फार लागतं. मराठीत एकट्या ‘अजून’वर भागतं. इंग्रजीत तसं नाही.

मी अजून वाट बघतेय : ‘आय ॲम स्टिल वेटिंग.’
पैसे अजून आले नाहीत : ‘द मनी हॅज नॉट कम यट.’
अजून दोन पाकिटं घ्या : ‘टेक टू मोर पॅकेट्स.’

एखादी गोष्ट चालूच असेल तर ‘स्टिल’. व्हायची राहिली असेल तर ‘नॉट’ आणि शेवटी ‘यट’. संख्या वाढवायची असेल तर ‘मोर’.

आणि गिऱ्हाईक म्हणालं, ‘आय हॅव ऑलरेडी पेड,’ तर समजा की त्यांनी पैसे आधीच दिलेत असं ते सांगताहेत. शांतपणे फोनवर जमा झालेत का बघा. नसतील तर वरचं ‘यट’चं वाक्य हसून म्हणा. भीडेपोटी गप्प बसून आपलं नुकसान करून घेऊ नका.

५. ‘ओन्ली’ जपून

‘ओन्ली’ म्हणजे फक्त. मराठीसारखंच, जागा बदलली की अर्थ बदलतो.

‘द बिग पॅकेट इज ओन्ली टू हंड्रेड रुपीज.’ म्हणजे, मोठं पाकीट फक्त २०० रुपये.
‘ओन्ली द बिग पॅकेट इज टू हंड्रेड रुपीज.’ म्हणजे, फक्त मोठंच पाकीट २०० ला, बाकीच्यांचा भाव वेगळा.

भाव सांगताना ‘ओन्ली’ आकड्याच्या अगदी जवळ ठेवा.

आता तुम्ही करा

इंग्रजीत सांगा :
(अ) मी नेहमी वेळेवर येते.
(आ) ऑर्डर अजून तयार नाही.
(इ) माझी मुलगी खूप मेहनत करते.

उत्तरं : (अ) ‘आय ऑलवेज कम ऑन टाइम.’ (आ) ‘द ऑर्डर इज नॉट रेडी यट.’ (इ) ‘माय डॉटर वर्क्स हार्ड.’

वही मिटून, मोठ्यानं म्हणा. भाकऱ्या थापताना म्हटलं तरी चालेल. बैठकीत बचत जमा झाली की दोघीदोघींनी पाच मिनिटं सराव करा. एक गिऱ्हाईक होईल, एक विक्रेती.

हा पाठ छापायच्या आधी त्या ताईंना वाचून दाखवला. ‘हार्डली’चा अर्थ कळल्यावर आधी त्या स्वतःच पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे माझ्या बोलण्याला नाही, त्या ‘ली’ला हसले होते!” पुढच्या रविवारी स्टॉलवर लेक घरी होती आणि ताई पुढे उभ्या होत्या. एका बाईंनी विचारलं, सगळं तुम्ही हातानं करता का? ताईंनी सावकाश, शेपटी सांभाळत उत्तर दिलं, ‘येस. वुई वर्क हार्ड.’

तुम्हीही बोला. चुकलं तर दुरुस्त करू, पण गप्प राहू नका.