हप्ता झेपेल एवढाच

सातारा

चि. सौ. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

पगारातला निम्मा भाग दर महिन्याला बाजूला टाकायचा, असं तुम्ही दोघांनी ठरवलंत हे परवा फोनवर कळलं. त्यापायी घरात अबोला सुरू झालाय हेही लगोलग कळलं. पहिल्या गोष्टीबद्दल शाबासकी द्यावी की दुसऱ्या गोष्टीबद्दल कान धरावा, याचा विचार करत होतो. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

माझी सगळी नोकरी पोस्टाच्या बचत खिडकीमागे गेली. तिथे बसलेल्या माणसाला हप्त्याच्या आकड्यावरूनच अंदाज यायला लागतो, की हे खातं पुरं होणार की मध्येच मोडणार. आर.डी. पाच वर्षांची, म्हणजे हप्ते साठ. नुकताच पगार वाढलेला किंवा नुकतं लग्न झालेला माणूस यायचा आणि उत्साहाने भला मोठा आकडा लिहायचा. पहिलं वर्ष छान जायचं. मग कुणाच्या मुंजीत, कुणाच्या आजारपणात एखादा हप्ता चुकायचा, त्यावर दंड बसायचा. चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं आणि दोन महिन्यांत सावरलं नाही तर ते तसंच राहतं. तीन वर्षांनंतर ते मोडता येतं, पण व्याज मिळतं साध्या बचत खात्याच्या दराने. माणूस खाली मान घालून सही करायचा आणि पुन्हा वर्ष-दोन वर्षं खिडकीकडे फिरकायचा नाही.

उलट महिला प्रधान योजनेतल्या एजंट बायका दारोदार फिरून दोनशे-पाचशेचे हप्ते गोळा करायच्या. त्यात भाजीवाल्या, शिवणकाम करणाऱ्या, शाळेतल्या शिपाईबाया असायच्या. त्यांची खाती पुरी व्हायची. पैसे हातात आले की त्यातनं मुलाला सायकल किंवा घरात फ्रिज यायचा आणि त्याच आठवड्यात नवी आर.डी. सुरू व्हायची. त्यांची मिळकत तुमच्यापेक्षा कितीतरी कमी, पण त्यांनी हप्ता असा बेताचा ठरवलेला असायचा, की भरून झाल्यावर घरात सणही व्हायचा आणि पाहुणाही जेवून जायचा.

तर निम्म्याचा हट्ट सोडा. पाचवा हिस्सा टाका, फार तर चौथा. पुढच्या वर्षी पगार वाढला की हप्ता वाढवा. टाकायचं ते महिन्याच्या सुरुवातीलाच टाका. पीपीएफचं व्याज दर महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर धरतात. ६ तारखेला भरलेल्या पैशावर त्या महिन्याचं व्याज नाही. पैसे पहिल्या आठवड्यात निघून गेले की उरलेल्यात महिना काढायचा, आणि तो काढताना एकमेकांची झडती घ्यायची नाही.

आता त्या गजऱ्याकडे येतो, कारण भांडण तिथूनच सुरू झालं असं दिसतंय. जावईबापूंनी मोबाईलवरच्या हिशेबात महिन्याचे सहाशे रुपये लाल रंगात दाखवले, हो ना? त्यांना सांग, मामांनी एक गणित पाठवलंय. तुम्ही वाकडला फ्लॅट बघताय. साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी पन्नास लाखांचं कर्ज घेतलं तर हप्ता बसतो सुमारे ४३,४०० रुपये. साठ लाखांचं घेतलं तर ५२,१००. वरचा मजला, जलतरण तलाव, तयार स्वयंपाकघर अशा गोष्टींसाठी वाढवलेले ते दहा लाख दर महिन्याला ८,७०० रुपये मागतात आणि वीस वर्षांत वीस लाखांहून जास्त घेऊन जातात. एका सहीचा हा खर्च. तिथे तुम्ही बिल्डरच्या वातानुकूलित ऑफिसात तासाभरात मान डोलावणार आणि घरी येऊन गजऱ्यावरून वाद घालणार! घर, गाडी, लग्नकार्यातले आहेर, या चार-दोन ठिकाणी हात आखडता घेतलात तर रोजच्या चहाकडे, भाजीवालीच्या कोथिंबिरीच्या जुडीकडे डोळे वटारून बघावं लागणार नाही.

एक रक्कम मात्र दोघांनी वेगळी काढा, प्रत्येकाची स्वतंत्र, आणि तिचा हिशेब एकमेकांना द्यायचा नाही. तू गजरा घे, तो क्रिकेटच्या बॅटा घेवो. ही रक्कम त्या मोबाईलमध्ये चढवायची नाही. आमच्याकडे मामीचे पैसे डाळीच्या डब्यामागे असायचे, आणि ते किती, हे मला आजतागायत माहीत नाही.

मौजेला पैसे लागतात, पण तुम्हाला वाटतात तेवढे नाहीत. तिला वेळ साधावी लागते. गुढीपाडव्याला हापूसची पेटी घेणारा भाव ऐकून घाबरतो आणि मग एकेक फोड मोजून खातो. तोच आंबा मेच्या मध्यावर आवाक्यात येतो, तेव्हा दोन पेट्या आणा, आमरस करा, शेजाऱ्यांना बोलवा. नाटक बालगंधर्वच्या बाल्कनीतूनही ऐकू येतं. कासची फुलं बघायला सप्टेंबरात या, मुक्काम आमच्याकडे. फक्त शनिवार-रविवार टाळा, नाहीतर फुलांपेक्षा गाड्याच जास्त दिसतील.

काटकसर कुठे करायची नाही तेही सांगतो. तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना दिवाळीला एक पगार जादा द्यायचाच. आरोग्य विम्याचा हप्ता चुकवायचा नाही. आणि क्रेडिट कार्डाच्या बिलावर 'कमीत कमी भरायची रक्कम' म्हणून जो छोटा आकडा छापतात, तो भरून मोकळं व्हायचं नाही. उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास व्याज चढतं. त्या व्याजातून कुणाची हौस झालेली मी पाहिली नाही.

सगळं पुढे ढकलून ठेवण्यात शहाणपण आहे असं तुला वाटत असेल, तर आमच्याच खिडकीतला एक दाखला देतो. किसान विकास पत्र १९८८ साली आलं तेव्हा साडेपाच वर्षांत दामदुप्पट व्हायचं. हल्ली त्याला ११५ महिने लागतात, म्हणजे साडेनऊ वर्षांच्या वर. एवढ्या काळात भाव कुठल्या कुठे जातात. सासूबाईंना घेऊन पंढरपूरला जायचं असेल, तर ते दुप्पट झालेल्या पैशातूनच झालं पाहिजे असं नाही. त्यांचे गुडघे ११५ महिने थांबणार नाहीत. यंदा जाऊन या.

जावईबापूंना नमस्कार सांग. पत्र त्यांनाही वाचायला दे, गजऱ्याचा भाग वगळू नकोस.

तुझा,
मामा

ता. क. : तीन-चार महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात असू दे, आर.डी. मोडायची वेळ त्याने टळते. सोन्याचं विचारलं होतंस. दागिना हौस म्हणून जरूर कर, पण त्याला गुंतवणूक म्हणू नकोस. घडणावळ आणि वरचा ३ टक्के जीएसटी मोडीच्या वेळी परत मिळत नाही. हे मी मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, सोन्यातलं यांना काही कळत नाही, मुग्धाला म्हणावं मला फोन कर.