चढाओढीची बोली आणि दंडाचा डबल

ब्रिजच्या डावात सगळी बलवान पाने एकाच बाजूकडे आली, तर बोलीचे काम तुलनेने सोपे असते. करार कितीवर थांबवावयाचा एवढाच प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर शोधावयास दोन्ही भिडूंना पुरेसा अवकाश मिळतो. पुष्कळ डावांत मात्र दोन्ही बाजूंचे बळ जवळजवळ सारखे असते. एका बाजूस बदामाचा रंग जमतो, दुसरीस इस्पिकचा. आणि बोली चढत जाते. अशा वेळी खेळाडूपुढे तीन वाटा असतात : आणखी बोलावे, पास म्हणावे किंवा प्रतिपक्षाच्या बोलीला डबल द्यावा.

ही निवड तेरा पानांच्या आणि ऐकलेल्या बोलीच्या आधारे करावयाची असते. तेथे पाठांतरापेक्षा तारतम्य अधिक उपयोगी पडते. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला. त्यांतील पुरुषांच्या जोडी-स्पर्धेचे सुवर्णपदक भारताच्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार ह्यांनी मिळविले. दोघांनीही तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. ह्या खेळात परिपक्व निर्णयशक्तीला किती महत्त्व आहे, हे त्यावरून ध्यानात येईल.

गुणांचा हिशेब

१९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट ह्यांनी पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावर आपली नवी गुणपद्धती आजमावून पाहिली. तिच्यातूनच आजचा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज रूढ झाला. ‘व्हल्नरेबल’ ही कल्पनाही त्याच पद्धतीतली. व्हल्नरेबल बाजूला गेमचे बक्षीस मोठे मिळते, पण करार बुडाल्यास दंडही अधिक भरावा लागतो.

आजच्या डुप्लिकेट पद्धतीत व्हल्नरेबल नसलेल्या बाजूस कमी पडलेल्या प्रत्येक हातामागे ५० गुणांचा दंड होतो. व्हल्नरेबल बाजूस १००. डबल दिला असेल, तर पहिल्या बाजूचा एकूण दंड एक, दोन, तीन हात कमी पडल्यास अनुक्रमे १००, ३०० व ५०० होतो. दुसरीचा २००, ५०० व ८००. चार इस्पिकचा करार नेमका पुरा झाला, तर व्हल्नरेबल नसताना ४२० आणि असताना ६२० गुण मिळतात. ह्या आकड्यांवरून असे दिसते की, प्रतिपक्ष व्हल्नरेबल असून आपली बाजू नसेल, तर डबल होऊन तीन हातांनी बुडणेही किफायतीचे ठरते. कारण ५०० गुणांची हानी ६२० पेक्षा कमी आहे. दोन्ही बाजूंची स्थिती समान असेल, तर दोन हातांपर्यंतच बुडणे परवडते. आपण व्हल्नरेबल आणि प्रतिपक्ष नाही अशा स्थितीत एका हातापलीकडे जाणे म्हणजे नुकसान ओढवून घेणे होय.

एकूण हातांचा नियम

किती हात होतील ह्याचा अंदाज बांधावयाचा कसा? फ्रेंच लेखक झाँ-रने व्हेर्न ह्यांनी ह्या प्रश्नाचे एक सोपे उत्तर मांडले. १९६९ साली अमेरिकेतील ‘ब्रिज वर्ल्ड’ मासिकातील लेखामुळे ते इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचले आणि १९९२ साली लॅरी कोहेन ह्यांच्या पुस्तकामुळे सर्वतोमुखी झाले. प्रत्येक बाजूने आपापला सर्वांत लांब रंग हुकूम धरून खेळल्यास दोन्ही बाजूंना मिळून होणाऱ्या हातांची संख्या ही दोन्ही बाजूंच्या त्या रंगांतील पानांच्या बेरजेइतकी असते, असा तो नियम आहे.

समजा, आपल्या बाजूस आठ बदाम आणि प्रतिपक्षास आठ इस्पिक आहेत. दोघेही व्हल्नरेबल नाहीत. एकूण हात सोळा. आपल्या दोन बदामांवर प्रतिपक्षाने दोन इस्पिक म्हटले. दोघांचे आठ-आठ हात होत असतील, तर पास म्हटल्याने ११० गुण जातात. तीन बदाम बोलून एका हाताने बुडाल्यास केवळ ५०. आपले नऊ आणि त्यांचे सात होत असतील, तर पास म्हटल्यास ५० मिळतात, बोलल्यास १४०. आपले सात आणि त्यांचे नऊ असतील, तरी १४० ऐवजी १०० च गुण जातात. डबल न झाल्यास तिन्ही प्रसंगी बोलणेच हिताचे. व्हल्नरेबल असताना मात्र शेवटच्या प्रसंगी १४० ऐवजी २०० गुण गमवावे लागतात; म्हणून तेथे सावधगिरी हवी.

हा नियम अंदाजापुरताच आहे. माइक लॉरेन्स आणि अँडर्स विर्ग्रेन ह्यांनी २००४ साली त्याच्या मर्यादा सविस्तर दाखविल्या. प्रतिपक्षाच्या रंगात एकाकी पडलेले राणी-गुलाम बचावात एखादा हात देतात. आपल्या करारात ते बहुधा निरुपयोगी ठरतात. अशा पानांनी एकूण संख्या घटते.

डबल केव्हा द्यावा?

प्रतिपक्षाचे तीन बदाम एका हाताने बुडणार असतील, तर व्हल्नरेबल नसलेल्या बाजूविरुद्ध डबलने ५० ऐवजी १०० गुण मिळतात. लाभ ५० चा. पण तोच करार पुरा झाला, तर १४० ऐवजी ५३० गुण त्यांच्या पदरी पडतात. कारण डबलमुळे त्यांचा गेम होतो. हानी ३९० ची. ५० च्या लोभाने ३९० पणाला लावणारा खेळाडू फार काळ जिंकत नाही. चार इस्पिकच्या डबलचा हिशेब वेगळा आहे. प्रतिपक्ष आधीच गेममध्ये असल्याने करार पुरा झाल्यास ४२० चे ५९० होतात. हानी १७० ची. म्हणून गेमखालच्या कराराला डबल देताना एका हाताचे माप हाताशी राखावे : तो दोन हातांनी बुडेल असे वाटत असेल तरच डबल द्यावा. जोडी-स्पर्धेत ह्याला एक अपवाद आहे. व्हल्नरेबल प्रतिपक्ष एका हाताने बुडाल्यास डबलने २०० गुण मिळतात आणि ते आपल्या ११० किंवा १४० पेक्षा सरस ठरतात.

डबलचे बळ चित्रांच्या संख्येवरून मोजू नये. उत्तरेने एक बदाम, पूर्वेने एक इस्पिक, दक्षिणेने दोन बदाम, पश्चिमेने दोन इस्पिक, उत्तरेने तीन बदाम आणि पूर्वेने तीन इस्पिक अशी बोली झाली आहे. दक्षिणेजवळ दोन हलके इस्पिक, राजा-राणीसह चार बदाम, राणी-गुलामासह चार चौकट आणि गुलामासह तीन किलवर असतील, तर त्याने पास म्हणावे. भिडूचे बदाम पाच धरले तरी प्रतिपक्षाजवळ त्या रंगाची चारच पाने उरतात. राजा-राणीचा बचावात फार तर एक हात होईल. आता त्याच्याजवळ इस्पिकची राणी, दश्शी, नव्वी आणि एक हलके पान, गुलामासह तीन बदाम, एक्क्यासह तीन चौकट आणि राणीसह तीन किलवर आहेत असे समजू. चित्रांचे गुण दोन्ही वेळा नऊच. पण येथे इस्पिकची पाने करार खेळणाऱ्याच्या मागे बसली आहेत, दोन हात त्यांचेच होण्याचा संभव आहे, आणि आपले बदाम आठच असल्याने चार बदामांत अर्थ नाही. येथे डबल योग्य होय.

केवळ हुकमाच्या लांबीच्या भरवशावर दिलेला डबल मात्र घातक ठरू शकतो. तो ऐकून प्रतिपक्ष दुसऱ्या, अधिक सोयीच्या रंगाकडे वळतो. किंवा पाने कोठे आहेत हे कळल्यामुळे एरवी न सापडणारी राणी पकडून करार पुरा करतो.

भिडूचा विश्वास

प्रत्येक डबल दंडाचा नसतो. १९५७ साली ॲल्व्हिन रॉथ ह्यांनी भिडूच्या आरंभीच्या बोलीवर प्रतिपक्ष बोलला असता डबलने न बोललेले रंग सुचविण्याची रीत प्रचारात आणली. आज खालच्या पायरीवरील बहुतेक डबल असे संकेतवाचक असतात. कोणता डबल कोणत्या अर्थाचा, हे जोडीने खेळास बसण्यापूर्वीच ठरविले पाहिजे. पासचेही तसेच आहे. डाव निःसंशय आपल्या बाजूचा असून प्रतिपक्षाने केवळ अडविण्यासाठी बोली चढविली असेल, तर पासचा अर्थ ‘निर्णय तुझ्यावर सोपवितो’ असा होतो. मग भिडूने डबल द्यावा किंवा बोलावे, पण पास म्हणू नये.

ह्यासाठी बोली एकाच लयीत बोलावी. दीर्घ विचारानंतर म्हटलेला पास भिडूला मनातील शंका कळवितो आणि त्या माहितीचा लाभ घेणे नियमांना मान्य नाही. डबल फसून प्रतिपक्षाचा करार पुरा झाला, तरी हिशेब योग्य असेल तर भिडूने त्याचा राग धरू नये. ज्या जोडीत एका फसलेल्या डबलची बोचणी पुढील दहा डाव टिकते, तेथे दोघेही हळूहळू डबल देणे सोडतात. मग प्रतिपक्षास कितीही चढून बोलण्याची मोकळीक मिळते आणि त्या जोडीचा पराभव बोलीतच ठरून जातो.