शिकलेलें ध्यानांत कसें राहील?

(प्रौढांस काम शिकविणाऱ्यांसाठीं एक पाठ)

प्रौढ माणसांस शिकविणें म्हणजे केवळ त्यांस सांगणें नव्हे. आरोग्यसेविका, अंगणवाडीची मदतनीस, दूध संस्थेंतील नोकर, ह्या सर्वांसाठीं शिबिरें भरतात. दोन दिवसांत अनेक विषय उरकावयाचे असतात, आणि रात्र थोडी व सोंगें फार अशी स्थिति होते. महिन्यानें विचारावें तर पुष्कळसें विसरलेलें असतें. मग शिकविणारा म्हणतो, "पालथ्या घड्यावर पाणी!" परंतु घडा खरोखर पालथा होता, कीं भरलेल्या घड्यावरच आपण ओतीत राहिलों, ह्याचा विचार आधीं केला पाहिजे.

ही गोष्ट क्षुल्लक नाहीं. जुलाब होणाऱ्या लेंकरास द्यावयाच्या पाण्याचें उदाहरण घेऊं. क्षारसंजीवनीची तयार पुडी मिळाली तर ती उत्तम. ती नसतां एक लिटर स्वच्छ पाण्यांत साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे व मिठाचा अर्धा सपाट चमचा, हें प्रमाण होय. शिकलेल्या बाईच्या मनांत साखर व मीठ ह्यांची अदलाबदल झाली, तर तेंच औषध जीवघेणें होईल. तेव्हां येथें स्मरण हा परीक्षेचा नव्हे, तर जिवाचा प्रश्न आहे.

विसर कां पडतो? हर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन विद्वानानें निरर्थक अक्षरें पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले, व ते १८८५ सालीं प्रसिद्ध केले. त्यांत असें आढळलें कीं, विसर पहिल्या कांहीं तासांतच सर्वांत अधिक पडतो, व पुढें त्याचा वेग मंदावतो. म्हणजे विसरणें हा आळसाचा दोष नसून मनाचा स्वभावच आहे. उलट, जात्यावर बसणाऱ्या निरक्षर आजीस कितीतरी ओव्या मुखोद्गत असत. त्या तिच्या कामाशीं व सुखदुःखाशीं जोडलेल्या होत्या, आणि पहाटेस पुनःपुन्हां म्हटल्या जात होत्या.

जामखेडचें उदाहरण. आपल्याच अहमदनगर जिल्ह्यांत, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्यानें १९७० सालीं जामखेड येथें ग्रामीण आरोग्याचें कार्य आरंभिलें. गांवकऱ्यांनीं निवडलेल्या बायांस त्यांनीं आरोग्यसेविका होण्याचें शिक्षण दिलें. त्यांतील पुष्कळ जणी निरक्षर होत्या. वहीचा आधार त्यांस नव्हता. त्या दर आठवड्यास जामखेडास येत, थोडें शिकत, गांवीं जाऊन तें करीत, आणि पुन्हां आल्यावर गांवांत काय घडलें तें सांगत. चित्रें, गाणीं व एकमेकींशीं चर्चा हींच त्यांचीं पुस्तकें. अशा रीतीनें गरोदर स्त्रियांची काळजी घेणें, बाळंतपण करणें, मुलांची वाढ पाहणें हीं कामें त्या करूं लागल्या. आरोळे दांपत्यास १९७९ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

ह्यावरून घ्यावयाचे नियम.

१. थोडें शिकवावें. एका बैठकीस एकच मुख्य गोष्ट पुरे.

२. आठवून सांगावयास लावावें. "समजलें ना?" असें विचारिलें असतां सर्वजण मान हालवितात, पण मान हालविणें म्हणजे स्मरण नव्हे. अमेरिकेंत रोडिगर व कार्पिक ह्या संशोधकांचे प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाले. पाठ पुनःपुन्हां वाचणाऱ्या विद्यार्थ्यांस पांच मिनिटांनंतर अधिक आठवलें. परंतु आठवड्यानंतर, न पाहतां आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांनीं त्यांस मागें टाकलें.

३. अंतर ठेवून उजळणी करावी: दुसऱ्या दिवशीं, आठवड्यानें, मग महिन्यानें.

४. काम हातानें करवून घ्यावें, व तेंही बाईच्या घरांतील भांड्यानें व चमच्यानें. शिबिरांतील मापाचें भांडें तिच्या चुलीपाशीं नसतें.

५. शिकलेल्याकडून दुसऱ्यास शिकवावें. जी बाई शेजारणीस समजावून सांगते, तिचें स्वतःचें ज्ञान पक्कें होतें.

ह्या सर्वांबरोबर एक गोष्ट अवश्य पाळावी. प्रौढ माणूस चारचौघांत चुकण्यास फार लाजतो. एकदां कोणी हंसलें कीं तो तोंड उघडीत नाहीं, आणि मग त्यास काय आठवतें हें कळण्यास मार्गच उरत नाहीं. म्हणून चूक झाली तर शांतपणें दुरुस्त करावी, व लागलीच पुन्हां सांगावयास लावावें.

विचार करण्याजोगे प्रश्न.

(१) गेल्या बैठकींत आपण किती गोष्टी शिकविल्या? त्यांतील कोणती एक ठेविली असती?

(२) शिकणाऱ्यांपैकीं कोण सदा मुका बसतो, व कां?

(३) येत्या आठवड्यांत, नवीन धडा आरंभण्यापूर्वीं, मागील धडा प्रत्येकाकडून तोंडी वदवून घ्या. जें कोणासच सांगतां आलें नाहीं, तें पुन्हां शिकवावयाचें आहे असें समजा.