इंग्रजी तुमन्त पदबंधांची जोडणी आणि मराठी अनुवादक

इंग्रजीत 'टू' ह्या शब्दासह येणाऱ्या क्रियारूपाला मराठी व्याकरणाच्या परिभाषेत तुमन्त म्हणता येईल. असे दोन तुमन्त पदबंध उभयान्वयी अव्ययाने जोडताना दुसरा 'टू' ठेवावा की गाळावा, ह्याचे शालेय पुस्तकांतील उत्तर ठरलेले असते : सर्वत्र ठेवा, नाहीतर पहिल्यापुरताच ठेवा. 'टू रीड, राइट अँड टू स्पीक' अशी सरमिसळ सदोष मानावी, हे योग्यच आहे. मात्र पुस्तके येथेच थांबतात आणि खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो.

'शी वेन्ट टू नाशिक टू सी हर मदर अँड सेल द हाऊस' ह्या वाक्यात आईची भेट आणि घराची विक्री एकाच खेपेची कामे म्हणून एकत्र बांधली जातात. 'अँड टू सेल द हाऊस' असे म्हटले की विक्री हा स्वतंत्र हेतू म्हणून उठून दिसतो. हा भेद नियमाचा नव्हे, कलाचा आहे. तरी सावध लेखक तो सांभाळतो. पहिला पदबंध लांबला असेल, तर वाचकाची वाट चुकू नये म्हणूनही 'टू' पुन्हा येतो.

इंग्रजीला ही मोकळीक मिळते, कारण 'टू' हा सुटा शब्द आहे. प्राचीन इंग्रजीत 'टो'नंतर येणाऱ्या क्रियारूपाला स्वतःचा प्रत्यय असे. तो कालौघात झिजून गेला आणि तुमन्ताची खूण म्हणून पुढचा शब्द तेवढा उरला. सुटा शब्द दोन क्रियापदांत वाटून घेता येतो. मराठीत हे काम प्रत्यय करतो, म्हणून 'आईला भेटायला आणि घर विकायला' असे दोन्हीकडे प्रत्ययासह म्हणावे लागते; 'आईला भेट आणि घर विकायला' असे मराठी माणूस कधीच म्हणणार नाही. 'आईला भेटणे व घर विकणे ह्यांसाठी' अशी एक वाट आहे. 'राम व श्याम ह्यांना' ह्या रचनेप्रमाणे येथे सर्वनाम दोन्ही पदांना गोळा करते व शब्दयोगी अव्यय एकदाच येते. परंतु ह्या वाटेला कचेरीचा वास येतो. 'आईला भेटून घर विकायला' असे केले, तर आधी भेट व मग विक्री असा क्रम मूळ वाक्यात नसताना घुसतो.

जोडणीचा हा प्रश्न नकार आला की केवळ शैलीचा राहत नाही. 'नॉट टू ड्रिंक अँड ड्राइव्ह' ह्या सूचनेत मनाई दोन कृतींच्या संयोगाला आहे. एकच 'नॉट' आणि एकच 'टू' संपूर्ण जोडीवर पसरलेले आहेत. 'दारू पिऊ नये आणि गाडी चालवू नये' हा शब्दशः अनुवाद दोन्ही कृतींवर बंदी घालतो. त्याप्रमाणे पाण्याखेरीज काही न पिणाऱ्यानेही गाडी चालवता कामा नये! मराठीने ह्यासाठी 'दारू पिऊन गाडी चालवू नये' ही रचना तयारच ठेवली आहे. आधीच्या उदाहरणात अडचणीचे ठरलेले 'ऊन' येथे नेमके कामी येते, कारण ते पहिल्या कृतीला दुसरीची अट बनवते आणि नकार दोहोंच्या जोडीला लागतो. येथे उभयान्वयी अव्यय गाळणे हाच अचूक अनुवाद होय.

'नॉट टू सेल ऑर मॉर्गेज द हाऊस' ह्या आदेशात उलट घडते. तेथे 'ऑर' असूनही मनाई दोन्ही कृतींना आहे आणि 'घर विकू किंवा गहाण ठेवू नये' ही मराठी रचना तोच अर्थ देते. विशेष हा, की येथे मराठीही 'नये' एकदाच वापरून ते दोन क्रियारूपांत वाटून घेते. तेव्हा मराठीला अशी काटकसर जमत नाही, हा समज खरा नाही. तिला प्रत्यय वाटता येत नाही, सुटे सहायक क्रियापद वाटता येते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, 1964 नंतर नियम व आदेश मराठीत उतरवणे हे शासनाचे नित्याचे काम झाले. त्या कामात हा बारकावा एखाद्याच्या हक्काला धक्का लावू शकतो.

काही ठिकाणी 'अँड' दिसायला उभयान्वयी, पण कामाने तुमन्ताची खूण असतो. 'ट्राय अँड सी' म्हणजे 'ट्राय टू सी'. मात्र 'ट्राय'ला भूतकाळाचा प्रत्यय लागला की हा अर्थ टिकत नाही. 'प्रयत्न कर आणि पाहा' असे भाषांतर करणारा अनुवादक फसतो. 'पाहायचा प्रयत्न कर' किंवा नुसते 'पाहून बघ' पुरते.

विकल्पाच्या जोडणीत 'टू'ची पुनरुक्ती बहुधा हवीच असते, विशेषतः नकार दुसऱ्याच पदबंधापुरता असेल तेव्हा. हॅम्लेटच्या विख्यात स्वगताचा आरंभ ह्याच रचनेवर उभा आहे : एकच क्रियापद, मध्ये 'ऑर', आणि दुसऱ्या बाजूला नकारासह पुन्हा 'टू'. 1970 साली रंगभूमीवर आलेल्या 'नटसम्राट'मध्ये वि. वा. शिरवाडकरांनी त्याचा प्रतिध्वनी उमटवला, तेव्हा त्यांनी तुमन्त टाळून विध्यर्थी रूपे घेतली, 'किंवा'ऐवजी 'की' वापरला आणि नकाराच्या जागी विरुद्धार्थी क्रियापद ठेवले. 'किंवा' दोन पर्याय शेजारी मांडतो. 'की' त्यांतला एक निवडण्यासाठी बोलणाऱ्याला अडवून धरतो.